नाल्याकाठचा चारा घेण्याआधी
नाल्याकाठचं गजराज गवत स्वस्तात मिळतंय म्हणून लगेच भारा उचलू नकोस. नाल्यातल्या कारखान्याच्या सांडपाण्यावरचा चाराही हिरवागारच दिसतो; त्यातलं कॅडमियम, म्हणजे एक विषारी धातू, जनावराच्या मूत्रपिंडात वर्षानुवर्षं साठत जातं. शिसं मात्र मुळातून पानात फारसं चढत नाही, ते धूळ-मातीतून पोटात जातं. म्हणून उन्हाळ्यात गवत बुडख्याशी आलं की अशा रानात गुरं सोडू नकोस, ती मातीच ओढतात. चारा कापून घाल, तोही जमिनीपासून चार बोटं वरून.

आणि गोठ्यामागची ती फुटकी बॅटरी आजच हलव! गुरं तिच्या शिशाच्या प्लेटा चाटतात, वासरं तर हमखास. जनावर दात खायला लागलं, आंधळ्यासारखं भिंतीला डोकं टेकून राहिलं, तर उतारे करत बसू नकोस. डॉक्टरांना बोलव, रक्तातलं शिसं तपासून घे. तोवर दूध डेअरीला घालायचं नाही, घरातही नाही.