इमारत ट्रस्टची, जमीन अध्यक्षांची: पाच लाखांची देणगी द्यावी का?

प्रश्न: मी ६६ वर्षांची निवृत्त शिक्षिका, सांगली जिल्ह्यात राहते. यजमान दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या नावाने आमच्या समाजाच्या मुलींच्या वसतिगृहाला पाच लाख रुपये द्यावेत असं मनात आहे. वसतिगृह चालवणाऱ्या ट्रस्टचे अध्यक्ष यजमानांच्या नात्यातले. त्यांची पत्नी, भाऊ आणि भाचा हे बाकीचे विश्वस्त. सध्या वसतिगृह अध्यक्षांच्याच घरात भाड्याने आहे, महिना ३५ हजार. नवी इमारत त्यांच्याच प्लॉटवर होणार आहे, 'पुढे ट्रस्टच्या नावावर करू' असं ते म्हणतात. तीन लाखांचा चेक आणि दोन लाख रोख द्या, ८०जीमध्ये (देणगीवरच्या कर-वजावटीचं कलम) भरपूर कर वाचेल, असंही म्हणाले. ८०जीचं २००९ चं पत्र दाखवलं. पेन्शन आणि व्याज मिळून माझं उत्पन्न वर्षाला साडेआठ लाख आहे. पोस्टात ज्येष्ठ नागरिक योजनेत २० लाख, ठेवी १४ लाख (त्यातल्या ६ लाखांच्या पतसंस्थेत) आणि बचत खात्यात ३ लाख आहेत. मुलगी म्हणते, ही संस्था नियमाने चालते का ते आधी बघ. नात्यात विचारायचं कसं?

उत्तर: ताई, मुलीचं म्हणणं बरोबर आहे. जमीन ट्रस्टच्या नावावर झाल्याचा कागद हातात येईपर्यंत या इमारतीसाठी एक रुपयाही देऊ नका. मुलींच्या शिक्षणाला पैसे द्यायची तुमची इच्छा मात्र मोलाची आहे. ती आजपासून दुसऱ्या वाटेनेही पूर्ण करता येईल, तिच्याकडे पुढे येतो.

आधी कराचा विषय संपवू, कारण तुम्हाला या देणगीकडे ओढण्यासाठी तोच पुढे केलेला दिसतो. आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या नियमांनी हिशेब करतो. नवी करप्रणाली घेतली तर पेन्शनवरची ७५ हजारांची प्रमाणित वजावट जाऊन तुमचं करपात्र उत्पन्न ७ लाख ७५ हजार उरतं. बारा लाखांपर्यंत सवलत असल्यामुळे त्यावर कर शून्य. ८०जीची वजावट फक्त जुन्या प्रणालीत मिळते, म्हणून आता ती धरू. ५० हजारांची प्रमाणित वजावट, व्याजाची ५० हजारांची वजावट आणि आरोग्य विम्याचा हप्ता समजा ३० हजार, हे सगळं काढून उत्पन्न ७ लाख २० हजार. अशा खासगी ट्रस्टला दिलेल्या देणगीपैकी या उत्पन्नाच्या १० टक्क्यांपर्यंतचीच रक्कम मोजली जाते आणि तिच्यातली निम्मी वजा होते. म्हणजे पाच लाख दिले तरी मोजायचे ७२ हजार आणि वजावट ३६ हजारांची. त्यामुळे कर ५६,१६० वरून ४८,६७२ वर येतो, ७,४८८ रुपये वाचतात. पण नव्या प्रणालीत जो कर शून्य होता, त्याच्या जागी तुम्ही ४८ हजार भरलेले असतात! तेव्हा कर वाचेल म्हणून ही देणगी द्यावी असं एकही कारण तुमच्या बाबतीत नाही.

रोख रकमेचं सांगतो. दोन हजारांच्या वर रोख दिलेल्या देणगीला ८०जीची वजावटच मिळत नाही. शिवाय एकाच व्यक्तीकडून दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याची मनाई आहे, आणि तेवढाच दंड घेणाऱ्याला होऊ शकतो. म्हणजे अध्यक्षांनी जी मागणी केली ती स्वतःच्या ट्रस्टला अडचणीत आणणारी आहे. त्यांना हे माहीत नसेल, असं मी धरून चालतो. पण ज्या संस्थेला हिशेबनीस आणि ऑडिटर आहे, तिने दोन लाख रोख मागावेत हे मला खटकतं.

आता २००९ चं पत्र. एकदा मिळालेली ८०जी मान्यता कायम चालायची, तो काळ गेला. १ एप्रिल २०२१ पासून जुन्या सगळ्या संस्थांना १२एबी (संस्थेच्या उत्पन्नाच्या करमाफीची नोंदणी) आणि ८०जी या दोन्हींसाठी नव्याने नोंदणी करावी लागली, आणि तीही ठरावीक मुदतीची. त्या वेळी पाच वर्षांसाठी मिळालेल्या मान्यतांची मुदत ३१ मार्च २०२६ पर्यंतची आहे, पुढे नूतनीकरण लागतं. म्हणून २०२१ नंतरचा, आज मुदतीत असलेला आदेश मागा. त्यावर एक नोंदणी क्रमांक असतो आणि तो आयकर खात्याच्या संकेतस्थळावर तपासता येतो. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू होतो आणि कलमांचे आकडे बदलतात. सगळ्यांच्या तोंडी ८०जीच आहे म्हणून मीही तेच वापरतोय. मान्यता खरी असेल तर देणगी दिली ते आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३१ मेपर्यंत संस्थेने तुमच्या पॅनसह विवरण भरून तुम्हाला फॉर्म १०बीई, म्हणजे देणगीचं प्रमाणपत्र, द्यायला हवा. नुसत्या पावतीवर वजावट मिळत नाही.

'आमच्या समाजाच्या' या शब्दांवर थोडं थांबतो. एका विशिष्ट धर्माच्या किंवा जातीच्या भल्यासाठी काढलेल्या संस्थेला ८०जी मिळत नाही आणि १ एप्रिल १९६२ नंतर स्थापन झालेल्या अशा धर्मादाय ट्रस्टच्या उत्पन्नाला करमाफीही नसते. पण अनुसूचित जाती, जमाती, मागासवर्ग, तसंच स्त्रिया आणि मुलं यांच्यासाठी काढलेल्या संस्थेला कायदा या बंधनात धरत नाही. मुलींचं वसतिगृह असल्यामुळे तुमची संस्था या अपवादात बसण्याची शक्यता चांगली आहे. मात्र ते ट्रस्टच्या घटनेत कसं लिहिलंय यावर ठरेल. बोर्डावर 'मुलींचे वसतिगृह' आणि घटनेत 'समाजाची सर्वांगीण उन्नती' असं असेल, तर प्रश्न उभा राहू शकतो. म्हणून घटनेतलं उद्देशाचं पान मागून घ्या. वसतिगृह फी घेतं म्हणून ते धर्मादाय ठरत नाही असं काही लोक सांगतील, त्याची काळजी करू नका. फी घेणं हा दोष नाही.

खरा प्रश्न जमिनीचा आहे.

आज तो प्लॉट अध्यक्षांचा आहे. त्यावर तुमच्या आणि इतरांच्या देणग्यांतून इमारत उभी राहिली आणि उद्या अध्यक्ष नसले, तर सात-बारावर किंवा मिळकत पत्रिकेवर त्यांच्या वारसांची नावं लागतील. 'पुढे नावावर करू' हा शब्द त्यांचा होता, मुलांचा नव्हता. विश्वस्त मंडळात पत्नी, भाऊ आणि भाचा असल्यावर ट्रस्टच्या वतीने त्या वारसांशी भांडायला उभं कोण राहणार? अध्यक्षांची नियत आज स्वच्छ असली तरी या प्रश्नाचं उत्तर बदलत नाही, म्हणून मी त्यांच्या हेतूबद्दल काहीच बोलत नाही. स्थावर मालमत्तेचं दान तोंडी होत नाही. त्याला नोंदणीकृत बक्षीसपत्र लागतं. ते झाल्यावर ती मालमत्ता धर्मादाय आयुक्तांकडच्या नोंदवहीत चढवण्यासाठी ९० दिवसांत चेंज रिपोर्ट (बदलाची माहिती देणारा अर्ज) द्यावा लागतो. बक्षीसपत्र जमत नसेल तर ट्रस्टच्या नावे नोंदणीकृत दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा हा दुसरा मार्ग आहे. पण तो वकिलाला दाखवल्याशिवाय मान्य करू नका.

एकदा जमीन ट्रस्टची झाली की तिला संरक्षण मिळतं. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ प्रमाणे ट्रस्टची स्थावर मालमत्ता धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता किंवा कुणाला बक्षीस देता येत नाही. विश्वस्तांना मनाला येईल तसं कर्जही काढता येत नाही. अध्यक्षांच्या नावावर असलेल्या प्लॉटला यातलं काहीच लागू नाही. तो ते उद्या सकाळी विकू शकतात.

आता दरमहा ३५ हजारांचं भाडं. विश्वस्ताने स्वतःची जागा ट्रस्टला भाड्याने देणं बेकायदा नाही, भाडं वाजवी असलं पाहिजे. तुम्ही त्याच गावात राहता, तेव्हा तेवढ्या जागेला बाजारात काय भाडं आहे हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल. जादा भाडं म्हणजे धर्मादाय पैशातून विश्वस्ताला लाभ, आणि आयकर कायद्यात याच गोष्टीकडे सगळ्यात कडक नजरेने पाहिलं जातं. अशा लाभाच्या रकमेवर ट्रस्टला ३० टक्के दराने कर लागतो, वर दंडाचीही तरतूद आहे. तुम्ही प्रामाणिकपणे दिलेल्या देणगीनंतर संस्थेचं उत्पन्न अशा कारणाने करपात्र ठरलं, तरी तेवढ्यावरून तुमची वजावट नाकारली जात नाही. पण देणगीचे पैसे तर गेलेले असतात.

हे सगळं तपासायला कुणाशी वाद घालावा लागत नाही. तुमच्या जिल्ह्यातल्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात अर्ज करून, ठरलेली फी भरून ट्रस्टच्या परिशिष्ट-१ चा उतारा आणि मागच्या तीन वर्षांच्या लेखापरीक्षित हिशेबांच्या नकला मागा. उताऱ्यात विश्वस्तांची नावं, उद्देश आणि ट्रस्टच्या नावावरची मालमत्ता असते. तो आणि प्लॉटचा सात-बारा शेजारी ठेवा. सात-बारा तर महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर घरबसल्या बघता येतो.

हिशेबात कुठे बघायचं तेही सांगतो. उत्पन्न-खर्चाचं पत्रक परिशिष्ट नऊच्या नमुन्यात असतं. त्यात 'ट्रस्टच्या उद्देशांवरील खर्च' असा वेगळा मथळा आणि त्याखाली शैक्षणिक, वैद्यकीय, गरिबी निवारण अशा ओळी असतात. भाडं, आस्थापना खर्च आणि विश्वस्तांचं मानधन यांच्या शेजारी शैक्षणिक खर्चाचा आकडा ठेवून बघा. वर्गात निकालपत्रक बघायची सवय असलेल्या माणसाला हे अवघड नाही. ताळेबंदात 'विश्वस्तांना दिलेल्या उचली' अशी एक ओळ असते, तिथे रक्कम असेल तर कशासाठी ते विचारा. आणि ऑडिटरच्या अहवालात तो ठरावीक प्रश्नांना उत्तरं देतो. कुणी विश्वस्त ट्रस्टचा देणेकरी किंवा घेणेकरी आहे का, हा त्यातलाच एक प्रश्न. बहुतेक देणगीदार हा अहवाल उघडतच नाहीत. तीन वर्षांचे हिशेब दाखलच झालेले नसतील, तर तेही उत्तरच समजा.

नात्यात विचारायचं कसं? लेखी विचारा, आणि मुलीला सही करू देऊ नका, तुम्हीच करा. 'भाऊजी, यांच्या नावाने वसतिगृहाला मदत करायची आहे. माझ्या कर सल्लागाराने ८०जीचा २०२१ नंतरचा आदेश, घटनेची प्रत, तीन वर्षांचे हिशेब आणि जागेचं ट्रस्टच्या नावे झालेलं बक्षीसपत्र मागितलं आहे. ते मिळाल्यावर पूर्ण रक्कम चेकने देईन.' एवढं पुरे. यात आरोप काही नाही, आणि संस्था चांगली असेल तर हे कागद त्यांच्या फाइलमध्येच असतात. ते रागावले तरी सल्लागाराच्या नावाने रागावू द्या, त्यासाठीच आम्ही असतो. पुढे खरोखर गैरव्यवहार दिसला तर धर्मादाय आयुक्तांना हिशेबांची तपासणी करण्याचे, ट्रस्टला निर्देश देण्याचे आणि विश्वस्तांना निलंबित किंवा दूर करण्याचे अधिकार आहेत. पण आज तुमचा पैसा अडकलेला नाही, त्यामुळे तक्रारीची घाई नको.

आता तुमच्या स्वतःच्या पैशाबद्दल, कारण पाच लाख ही तुमच्या ३७ लाखांच्या पुंजीत छोटी रक्कम नाही. पेन्शन आहे म्हणून रोजचा खर्च भागेल, पण मोठं आजारपण आलं तर याच पैशातून निघेल. म्हणून पोस्टातली योजना मुदतीआधी मोडून देणगी देऊ नका, मोडल्याचा दंडही बसतो. पतसंस्थेतल्या सहा लाखांची मला जास्त काळजी वाटते. बँकेतल्या ठेवींना दर बँकेमागे पाच लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेच्या ठेवींना तो नाही. मुदत संपली की ते पैसे तिथून काढा, मग देणगी देणार असाल किंवा नसाल.

त्यातले पाच लाख ज्येष्ठ नागरिक योजनेत टाका. मर्यादा ३० लाखांची आहे, तुमचे २० लाखच आहेत. २०२५-२६ मधल्या ८.२ टक्के दराने वर्षाला ४१ हजार, म्हणजे दर तिमाहीला १०,२५० रुपये व्याज येईल. त्यातून एका मुलीची वसतिगृह आणि कॉलेजची फी तुम्ही थेट कॉलेजच्या खात्यात भरा. तुमच्या शाळेतल्या सहकाऱ्यांना विचारलंत तर अशी मुलगी शोधायला वेळ लागणार नाही. वजावट मिळणार नाही, पण वजावटीचा तुम्हाला उपयोग नाही हे वर पाहिलंच. मुद्दल तुमच्याकडे राहतं, आजारपणात उपयोगी पडतं, आणि दरवर्षी यजमानांच्या नावाने एका मुलीचं वर्ष पार पडतं. हीच माझी शिफारस आहे.

वर्षभरात अध्यक्षांनी बक्षीसपत्र केलं, उताऱ्यात जमीन आली आणि हिशेब नीट निघाले, तर इमारतीलाही द्या. एकदम पाच लाख नको. आधी एक लाख, चेकने, सोबत 'इमारत निधीसाठी' असं स्पष्ट लिहिलेलं पत्र आणि पावतीवरही तोच उल्लेख. पुढच्या वर्षीच्या हिशेबात तो निधी वेगळा दिसला की मग पुढचा हप्ता. उरलेली रक्कम मृत्युपत्रात संस्थेला ठेवायची असेल तर तिथे संस्थेच्या नावासोबत धर्मादाय नोंदणी क्रमांकही लिहा, आणि तेव्हा ट्रस्टची नोंदणी चालू नसेल तर ती रक्कम मुलीने कोणत्या कामाला द्यावी, हेही त्याच कागदात लिहून ठेवा.