वाचकांचे प्रश्न : कादंबरीतला फादर आणि कादंबरीतला पाळक

प्रश्न : आमच्या वाचनमंडळात ग्रॅहम ग्रीनची ‘द पॉवर अँड द ग्लोरी’ चालू आहे. दारूडा, एका मुलीचा बाप असलेला फादर नायक कसा? आणि मिस्सासाठी वाइन मिळाली नाही तर ब्रँडीवर भागवलं असतं, त्यात रडण्यासारखं काय?
– वाचनमंडळ, विलेपार्ले

उत्तर : ब्रँडीपासूनच सुरू करू. कॅथलिक नियमानुसार मिस्सासाठी, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेसाठी, गव्हाची भाकर आणि द्राक्षांची वाइन लागतेच. ब्रँडी वाइनपासूनच बनते, पण ती उकळून, वाफ थंड करून काढलेली; ती वापरली तर मिस्सा झालीच नाही असं धरतात. कादंबरी घडते मेक्सिकोच्या अशा प्रांतात, जिथे दारूवर आणि धर्मकार्यावरही बंदी आहे आणि पोलीस फादरच्या मागावर आहेत. म्हणून तिथे फादर होते नव्हते ते पैसे घालून वाइन मिळवतो. विकणारी मंडळी मग आग्रहाने, त्याच्यासमोरच, वाइनची बाटली रिकामी करतात. उरते ती ब्रँडी, आणि तिच्यापायी तो कोठडीत जातो. प्रसंग फार्ससारखा लिहिला आहे, पण वाइनचा नियम ठाऊक नसेल तर त्यातली शोकांतिका निसटते.

आता नायकपण. फादर पापी असला तरी त्याने दिलेला संस्कार, म्हणजे बाप्तिस्मा, मिस्सा यांसारखा पवित्र विधी, खराच राहतो, असं चर्च मानतं. चौथ्या-पाचव्या शतकात उत्तर आफ्रिकेत यावर मोठा वाद झाला होता. तिथल्या बिशप ऑगस्टीनने त्यात पाण्याचा दाखला दिला होता : पाट दगडाचा असला तरी वाफ्यात पोचतं ते पाणीच. त्यामुळे या फादरचं मोल त्याच्या चारित्र्यावर ठरत नाही. त्या मुलखात संस्कार देणारा दुसरा कुणी उरलेला नाही, यावर ठरतं. सीमेपलीकडे सुखरूप पोचल्यावरही, सापळा आहे हे ओळखून, मरणाऱ्या गुन्हेगाराचं पापनिवेदन (कन्फेशन) ऐकायला तो परत येतो तो याच हिशेबाने.

त्याची खरी गाठ मात्र वेगळीच आहे. पापमोचनासाठी, म्हणजे फादरने देवाच्या नावाने दिलेल्या क्षमेसाठी, पश्चात्ताप हवा. ज्या पापातून मुलगी जन्मली त्याचा पश्चात्ताप करायला तो बसतो, आणि मुलीवरचं प्रेम आडवं येतं. शिवाय इतरांना तो मोचन देऊ शकतो, स्वतःला नाही. सरकारी सक्तीने लग्न केलेला दुसरा एक फादर गावात आहे, पण तो बायकोच्या धाकाने यायला नकार देतो. ग्रीन 1938 मध्ये मेक्सिकोत फिरून आला होता. फादरांना लग्नाची सक्ती ही त्याची कल्पना नाही, ताबास्को प्रांतात ती खरोखरच झाली होती.

यानंतर त्याचीच ‘द हार्ट ऑफ द मॅटर’ (1948) घ्या. तिथला पोलीस अधिकारी स्कोबी परस्त्रीला सोडण्याचं वचन देऊ शकत नाही, म्हणून त्याला मोचन मिळत नाही. तरी बायकोला संशय येऊ नये म्हणून तो कम्युनियन, म्हणजे मिस्सातली पवित्र भाकर, घेतो. मोचनाशिवाय ती घेणं ही ख्रिस्ताच्या देहाची विटंबना. कॅथलिक वाचकाला हे व्यभिचाराहून भयंकर वाटतं. आपल्याला ती नुसती भिडस्त माणसाची अडचण वाटते, आणि तिथेच कादंबरी हातची जाते.

एक सूचना : चर्चेत ‘कन्फेशन’ला ‘कबुली’ म्हणू नका. त्याला पोलीस ठाण्याचा वास येतो. वसईच्या कॅथलिकांचा ‘पापनिवेदन’ हा शब्द तयार आहे.

प्रश्न : मॅरिलिन रॉबिन्सनची ‘गिलियड’ दोनदा अर्ध्यावर सोडली. काही घडतच नाही. आणि या फादरला बायको-मूल कसं?
– एक वाचक, दादर

उत्तर : जॉन एम्स फादर नाही, पाळक आहे. प्रोटेस्टंट पाळक लग्न करतात. पाद्री म्हटलं की सगळे एकाच माळेचे मणी समजण्याची आपली सवय इथे नडते. एम्स कॉन्ग्रिगेशनल पंथाचा : वर बिशप नाही, प्रत्येक मंडळी, म्हणजे स्थानिक चर्च, आपला कारभार आपण पाहते. ही परंपरा मुंबईला परकी नाही. 1813 मध्ये इथे आलेले अमेरिकन मिशनरी मुख्यतः याच वळणाचे, आणि रेव्हरंड टिळक त्यांच्याच अमेरिकन मराठी मिशनचे. ‘स्मृतिचित्रे’ वाचली असतील तर पाळकाच्या घरातली काटकसर ओळखीची वाटेल.

कॉन्ग्रिगेशनल पाळकाचं मुख्य काम प्रवचन. एम्स हिशेब मांडतो : वर्षाला पन्नास, पंचेचाळीस वर्षं, प्रत्येकी तीसेक पानं, म्हणजे 67,500 पानं. पुस्तक हे त्याने 1956 साली, मरण जवळ आल्याचं कळल्यावर, लहानग्या मुलाला लिहिलेलं पत्र आहे. तेव्हा कथानक शोधू नका. मित्राचा वाया गेलेला मुलगा जॅक घरी परतल्यावर या क्षमाशील म्हाताऱ्याचा सूर कसा आंबट होतो, ते बघा. रोज दहा-बारा पानं पुरे. मग ‘होम’ (2008) : तेच दिवस, जॅकच्या घरातून. आधी लूकच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय, उधळ्या पुत्राचा, वाचून ठेवा.

प्रश्न : फ्लॅनरी ओ’कॉनर श्रद्धाळू होती म्हणतात. मग कथांमध्ये इतकी हिंसा का?
– एक वाचक, बोरिवली

उत्तर : ती कॅथलिक, राहायची अमेरिकेतल्या जॉर्जियात, आणि लिहायची बहुतेक भोवतालच्या कडव्या प्रोटेस्टंटांवर. तिची पात्रं ‘आम्ही भले’ या गुर्मीत असतात. ती गुर्मी हिंसेच्या धक्क्यानेच फुटते, आणि तिथे देवाची कृपा शिरते. ही कृपा म्हणजे कमावलेलं बक्षीस नव्हे. परीक्षेतले ग्रेस मार्कही नव्हेत, कारण ते काठावर आलेल्यालाच मिळतात. ‘अ गुड मॅन इज हार्ड टू फाइंड’मधली ढोंगी आजी मारेकऱ्याला ‘तू माझंच लेकरू’ म्हणून हात लावते, आणि तो तिला तीन गोळ्या घालतो. हात लावण्याचा तो क्षण कृपेचा. गोळ्यांवर नजर ठेवून वाचलं तर कथा नुसती क्रूर वाटते.

प्रश्न : बायबल न वाचता हे साहित्य कळेल का? कोणतं घ्यावं?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : सगळं नको. उत्पत्ती, निर्गमचे पहिले वीस अध्याय, रूथ, ईयोब, मत्तय 5 ते 7 आणि लूक एवढं पुरेल. विकत घेताना लक्षात ठेवा, कॅथलिक प्रतीत 73 पुस्तकं असतात, प्रोटेस्टंट प्रतीत 66. अर्थासाठी मराठी ठीक, पण वाक्यांचे पडसाद ऐकायचे तर 1611 चं इंग्रजी भाषांतर (किंग जेम्स) शेजारी लागतंच. जेनेट विंटरसनच्या ‘ऑरेंजेस आर नॉट द ओन्ली फ्रूट’ची (1985) आठही प्रकरणं बायबलच्या पहिल्या आठ पुस्तकांच्या नावांची आहेत. नियमांच्या जंत्रीचं ‘लेवीय’ तिने कुठे बसवलंय आणि घर सोडणाऱ्या ‘रूथ’वर पुस्तक का थांबवलंय, हे अनुक्रमणिका समोर धरूनच बघावं.