खाजगीतनं सीपीआरला (कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात) गेलो तर टीबीचा कोर्स पहिल्यापासनं?

प्रश्न : मी गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत कामाला आहे. अडीच महिन्यांपूर्वी टीबी निघाला, राजारामपुरीतल्या एका खाजगी डॉक्टरांकडं ट्रीटमेंट चालू आहे, गुण पण आलाय. पण सुट्टीवर असल्यानं पगार निम्मा, औषधं आणि तपासण्यांचा खर्च झेपेना झालाय. सीपीआरला जावं म्हणतोय, पण तिथं कोर्स पहिल्यापासनं चालू करतील का? आणि आमचे डॉक्टर रागावले तर? घरात बायको आणि सहा वर्षांची पोरगी आहे.

उत्तर : दादा, पहिल्यापासनं कशाला करतील? साध्या टीबीचा कोर्स सहा महिन्यांचा, पहिले दोन महिने चार औषधं, नंतरचे चार महिने तीन. किती डोस झाले ते कागदावर असलं की तिथनं पुढं चालू होतं. म्हणून डॉक्टरांकडनं औषध सुरू केल्याची तारीख, औषधांची नावं, वजन आणि थुंकीचा रिपोर्ट लिहून घ्या. आमच्या मावशीला असंच एकीकडनं दुसरीकडं नेलं तेव्हा फाईल घरी कपाटात राहिली आणि सगळ्या तपासण्या परत कराव्या लागल्या, चूक आमचीच होती. एक्स-रे गुंडाळी करून पिशवीत कोंबू नका, तेवढं बघा.

डॉक्टर रागावायचं म्हणाल तर, 2012 पासनं टीबीचा पेशंट सरकारला कळवणं खाजगी डॉक्टरांनाही बंधनकारक आहे, म्हणजे तुमचं नाव निक्षयमध्ये (टीबी पेशंटच्या सरकारी ऑनलाईन नोंदीत) असायला हवं. तो निक्षय आयडी मागून घ्या आणि मोकळेपणानं सांगा, पैशाची ओढाताण आहे म्हणून. कारण डॉक्टर बदलायलाच पाहिजे असंही नाही, सरकारी मोफत गोळ्या खाजगी पेशंटलाही देता येतात, डॉक्टर तुमचेच आणि औषध सरकारचं. पोषणासाठी महिन्याला 1000 रुपये पण बँक खात्यावर येतात (नोव्हेंबर 2024 च्या आधी 500 होते), त्याला पण तोच आयडी आणि पासबुक लागतं. काही अडलं तर टीबीच्या सरकारी हेल्पलाईनला 1800116666 वर फोन करा, फुकट आहे.

मला खरी भीती वाटते ती मधल्या खंडाची. आज केस पेपरची लाईन मोठी, उद्या साहेब नाहीत, परवा रविवार, आणि हिकडं पहिली स्ट्रीप संपलेली. हातात आठ-दहा दिवसांच्या गोळ्या असतानाच सकाळी लवकर जावा. सरकारी गोळीत तीन-चार औषधं एकत्र असतात आणि किती घ्यायच्या ते वजनावर ठरतं, त्यामुळं दिसायला वेगळी वाटेल. "राहिल्यात तर संपवू" म्हणून जुन्या आणि नव्या एकदम घेऊ नका, डोस डबल होतो. लघवी तांबूस होते ती औषधानं, त्याला घाबरू नका, पण डोळे पिवळे दिसले किंवा उलट्या थांबेनात तर त्याच दिवशी दाखवा.

आणि जाताना बायकोला आणि पोरीला पण घेऊन जावा. एका घरात राहणाऱ्यांची तपासणी मोफत होते आणि टीबी नसला तरी पुढं होऊ नये म्हणून गोळ्या देतात. शाळा एक दिवस बुडली तर बुडू दे.