पॉलिश करता करता गाडीचा रंगच गेला, आता काय?

प्रश्न : नमस्कार काका, गाडी आठ वर्षं जुनी, मेटॅलिक ग्रे. हौसेनं पॉलिशिंगचं मशीन आणलं, ते सरळ गरगर फिरणारं, आणि रबिंग कंपाऊंड, म्हणजे ओरखडे घासून काढायची पेस्ट, लावून बसलो. बॉनेटचा मधला भाग असा काही निघाला की आपल्यालाच आपला अभिमान, मग काय हुरूप आला, बॉनेटच्या कडेला जिथे पत्रा खाली वळतो तिथे एक जुना ओरखडा होता तो घालवायला मशीन जरा दाबून धरलं. उचललं तर तिथे बोटभर लांब मळकट पट्टा आणि पांढऱ्या पॅडवर राखाडी रंग! घाबरून परत कंपाऊंड मारलं तर पट्टा अजून रुंद झाला. गाडी बाबांची आहे, त्यांना अजून सांगितलेलं नाही. चांगलं वॅक्स मारलं तर झाकलं जाईल का?

उत्तर : आधी मशीनचा प्लग काढा आणि मशीन कपाटात ठेवा, मग पुढचं वाचा. पहिल्यांदा जे गेलं ते चुकून गेलं, दुसऱ्यांदा गेलं ते घाई करून घालवलंत, आणि हे जवळपास सगळेच करतात, मी पण केलंय. शिकत होतो तेव्हा एका काळ्या गाडीच्या दाराची घडी अशीच उडवली होती आणि मग तासभर ती "चमकवत" बसलो होतो.

वॅक्सनं जाणार नाही. का ते सांगतो, म्हणजे पुन्हा कंपाऊंडचा डबा उघडावासा वाटणार नाही. पत्र्यावर प्रायमर असतो, त्यावर रंग म्हणजे बेस कोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. आपण जिला गाडीची चमक म्हणतो ती सगळी या वरच्या थराची, खालचा बेस कोट मुळातच निस्तेज असतो, त्याला कितीही घासा तो चमकणार नाही, फक्त झिजेल. आणि हा क्लिअर कोट असतो किती, तर साधारण ४० ते ५० मायक्रॉन. माणसाचा केस ७० च्या आसपास धरतात, म्हणजे गाडीची अख्खी श्रीमंती एका केसापेक्षा पातळ! त्यात कडांवर रंग ओला असतानाच मागे सरकतो म्हणून तिथे थर आधीच कमी, वर पॅड कडेवर टेकला की मशीनचा सगळा दाब त्या एका रेघेवर येतो आणि तिथेच गरम होतं. मधल्या सपाट भागात जे मशीन दहा वेळा फिरवून काही होत नाही ते कडेवर काही सेकंदात काम तमाम करतं.

तरी खात्री करून घ्या. स्वच्छ पांढऱ्या कापडावर थेंबभर पॉलिश घेऊन त्या पट्ट्यावर बोटानं हलकेच एकदाच फिरवा आणि मग बॉनेटच्या मधोमध दुसऱ्या कोपऱ्यानं तसंच करा. मधे कापडावर साध्या मळाखेरीज काही आलं नाही आणि पट्ट्यावर ते राखाडी झालं, की समजा बेस कोट उघडा पडलाय. (जुन्या गाड्यांना कधी कधी क्लिअर कोट नसतोच, तिथे कुठेही घासलं तरी रंग येतो आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही. तुमची मेटॅलिक आहे म्हणजे क्लिअर कोट आहेच असं धरून चाला.)

आता उपाय. बोटभर पट्टा आहे आणि तो कडेवर आहे, तर घरी टच-अप करून बघायला हरकत नाही. रंगाचा कोड दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखालच्या स्टिकरवर सापडतो, त्याच कोडचा टच-अप रंग आणि त्याचं क्लिअर घ्या, "ग्रे द्या" म्हणून घेऊ नका, ग्रेमधे शंभर ग्रे असतात. जागा धुवा, सुकवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं निम्मं करून पुसा कारण कंपाऊंडचा तेलकटपणा राहिला तर रंग धरत नाही. बाटलीसोबतचा ब्रश जाडा असतो, चित्रकलेचा बारीक ब्रश घ्या. रंगाचा एकदम पातळ हात, वाळू द्या, मग दुसरा. वाळल्यावर तो फिका आणि खडूसारखा दिसेल, तेव्हा बिथरू नका, क्लिअर लागल्यावर शेड खुलते. क्लिअरचे दोन तीन पातळ हात, प्रत्येक मधे वेळ देऊन, आणि मग निदान आठवडाभर तिकडे बघायचंच नाही. काही जण नंतर २००० किंवा ३००० नंबरचा वॉटर पेपर, म्हणजे पाण्यासोबत घासायचा अगदी बारीक पॉलिश पेपर, मारून लेव्हल करायला सांगतात, सपाट जागेवर मीही सांगेन, पण कडेवर नको हो, जिथे एकदा उडालं तिथेच परत पेपर मारायचा म्हणजे हद्द झाली. मेटॅलिकमधले चकाकणारे कण ब्रशनं स्प्रेसारखे बसत नाहीत त्यामुळे जवळून बघितलं तर कळणारच, दोन पावलं मागून कळत नाही.

पट्टा तळहाताएवढा असता तर हे सगळं सांगितलंच नसतं, सरळ पेंटरकडे पाठवलं असतं. तो रंग आजूबाजूला विरवत नेतो आणि क्लिअर अख्ख्या बॉनेटवर मारतो, "तेवढ्याच जागेवर मारून द्या" म्हणून त्याच्या मागे लागू नका, नव्या क्लिअरची कड काही महिन्यांत रेघेसारखी वर येते. आणि हार्डनर मिसळायचं क्लिअर घरी स्प्रे करायचा विचारही नको, त्यात आयसोसायनेट नावाचं रसायन असतं, ते फुप्फुसांना वाईट आणि साध्या कापडी मास्कला अजिबात जुमानत नाही.

बाकी बाबांना आजच सांगा. उन्हात उभी केली की त्यांना दिसणारच आहे.

प्रश्न : बाहेरून गाडी पॉलिश करून घेतली, आणली तेव्हा आरसा! चार वेळा धुतल्यावर उन्हात गोल गोल सावल्या दिसायला लागल्या, हलताना सरकतात. रंग गेला का?

उत्तर : नाही, रंग आहे. जाड पॅडनं आणि कडक कंपाऊंडनं काम उरकलं, त्याचे बारीक ओरखडे पॉलिशमधल्या तेलानं भरून गेले होते, ते धुतल्यावर उघडे पडले. मऊ फोम पॅड, फिनिशिंग पॉलिश आणि डोलत फिरणारं ड्युअल अ‍ॅक्शन मशीन, सावलीत, पत्रा गार असताना. त्या मशीनला दाबलं की ते फिरायचं थांबतं, म्हणून नवशिक्याच्या हातून रंग उडायची भीती बरीच कमी. एका हाताच्या जागेवर करून कापडानं पुसून मग अल्कोहोलच्या पाण्यानं पुसा, त्यानंतरही सावली नसेल तरच पुढे जा.

प्रश्न : बंपरच्या काळ्या प्लॅस्टिकवर पांढरे डाग पडलेत, कंपाऊंड लागलं होतं.

उत्तर : खरबरीत प्लॅस्टिकच्या खाचांत वाळून बसलंय. जुना मऊ टूथब्रश, साबणाचं कोमट पाणी, धीरानं. नाही निघालं तर शाळेतला पांढरा खोडरबर घासून बघा, हसू नका, निघतं. पुढच्या वेळी आधी मास्किंग टेप, आणि हीच टेप पत्र्याच्या कडांवरही लावायची असते, पहिल्या पत्रातल्या भाऊंनी वाचावं.

प्रश्न : पॉलिश करताना पडलेल्या पट्ट्यावर पाणी मारलं की तो गायब होतो, म्हणजे खोल नाही ना?

उत्तर : पाणी तेवढ्यापुरतं क्लिअर कोटचं काम करतं, म्हणून दिसत नाही. सुकल्यावर परत बघा आणि कापडाची परीक्षा वर दिलीये ती करा.