चांदीचे नॅनोकण, प्रथिनं आणि एम.एस्सी.ची निवड

पत्र : मी बी.एस्सी. रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. तुळशीच्या अर्कातून चांदीचे नॅनोकण बनवायचे आणि ते बोवाइन सीरम अल्ब्युमिनशी (गायीच्या रक्तातल्या प्रथिनाशी) कसे जोडले जातात ते पाहायचं, असा प्रकल्प घेतला आहे. पुढे जखमेच्या पट्ट्या, औषधं या क्षेत्रात काम करायचं आहे. एम.एस्सी. रसायनशास्त्रात करू की बायोटेक्नॉलॉजीत? – एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : विषय उत्तम आहे, पण कण बदल. अर्कातून निघालेल्या कणांवर पॉलिफेनॉल (वनस्पतींतली संयुगं) बसलंय, साखरा बसल्यात की पानातलीच प्रथिनं, हे कॉलेजच्या प्रयोगशाळेत ठरवता येत नाही. कणावरचा हा थर, म्हणजे कोटिंगच माहीत नसेल, तर त्यावर अल्ब्युमिन कसं बसलं याचा अर्थ कसा लावणार? असे प्रकल्प आपल्याकडे शेकड्यांनी होतात आणि मुलाखतीत नेमके इथेच अडतात.

त्याऐवजी सुमारे २० नॅनोमीटरचे दोन प्रकारचे कण घे : सायट्रेटचं कोटिंग असलेले आणि पीव्हीपीचं कोटिंग असलेले. सायट्रेट सैल बसलेलं असतं, प्रथिन आलं की सहज बाजूला होतं. पीव्हीपी हा पॉलिमर, तो प्रथिनाला बराच अडवतो. पीएच ७.४ ला सायट्रेटचे कण ऋणभारित आणि अल्ब्युमिनही ऋणभारित (समविद्युत बिंदू, म्हणजे ज्या पीएचला प्रथिनाचा एकूण भार शून्य होतो तो, ४.७ च्या आसपास), तरीही ते जोडले जातात. कारण प्रथिनाच्या पृष्ठभागावर लायसिन या अमिनो आम्लामुळे धनभारित जागा असतात आणि गंधकाची चांदीशी ओढ असते. ही तुलना हाच तुझा प्रकल्प.

बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) म्हणून पीबीएस, म्हणजे मीठ घातलेला फॉस्फेट बफर, घेऊ नकोस. त्यातलं १३७ मिलिमोलार मीठ कणांचा भार झाकून टाकतं, सायट्रेटच्या कणांच्या गुठळ्या होतात, शिवाय सुट्या चांदीच्या आयनांपासून सिल्व्हर क्लोराइड तयार होतं. ५ मिलिमोलार सोडियम फॉस्फेट पुरे. १० मिलिग्रॅम अल्ब्युमिन १० मिलिलिटरमध्ये विरघळवलं की सुमारे १५ मायक्रोमोलार द्रावण मिळतं. ते पंधरापट विरल करून १ मायक्रोमोलारवर काम कर.

आधी यूव्ही-व्हिजिबल, म्हणजे कण कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषतात याचं मोजमाप. ४०० नॅनोमीटरजवळचं शिखर प्रथिन बसल्यावर काही नॅनोमीटरच सरकतं. शिखर खाली बसून ५०० च्या पुढे रुंद खांदा आला, तर ते बंधन नव्हे, गुठळ्या आहेत. तो नमुना बाद. डीएलएसवर (प्रकाशाच्या विकिरणावरून कणाचा आकार मोजणाऱ्या उपकरणावर) व्यास साधारण ६ ते १४ नॅनोमीटरने वाढला तर एक थर समजायला हरकत नाही.

खरी चूक फ्लुओरोसन्समध्ये, म्हणजे प्रथिनाची चमक मोजताना होते. २९५ नॅनोमीटरला उद्दीपित केल्यावर अल्ब्युमिनमधली ट्रिप्टोफॅन ही दोन अमिनो आम्लं ३४० च्या आसपास चमकतात. पण चांदीचे कण या दोन्ही तरंगलांबींवर स्वतःच प्रकाश शोषतात, त्यामुळे काहीही जोडलं गेलं नसतानाही चमक घटते. म्हणून प्रत्येक नमुन्याचं २९५ आणि ३४० ला शोषण मोज, दोन्हींच्या बेरजेच्या निम्म्याचा अँटिलॉग काढ आणि त्याने वाचन गुण. ही दुरुस्ती न करता काढलेला स्टर्न-व्होल्मर आलेख (कणांच्या सांद्रतेनुसार चमक किती घटते ते दाखवणारा) कितीही सरळ आला तरी त्यावर विश्वास ठेवू नकोस. आलेखात सांद्रता कणांची टाक, चांदीची नव्हे : २० नॅनोमीटरच्या एका कणात सुमारे २.४५ लाख अणू असतात, म्हणजे चांदीची सांद्रता टाकली तर आलेखातून काढलेला स्थिरांक तेवढ्या पटीने चुकतो. जोडीला दोन कंट्रोल, म्हणजे तुलनेचे नमुने हवेत : नुसतं ट्रिप्टोफॅन अधिक कण, आणि प्रथिन अधिक अगदी थोडं सिल्व्हर नायट्रेट. दुसऱ्यावरून सुट्या आयनांचा वाटा कळतो.

आता प्रवेशाचं. मी रसायनशास्त्र सुचवेन, शक्यतो भौतिक किंवा विश्लेषणात्मक. पट्टी जखमेवर ठेवली की रक्तातली प्रथिनं कणाला वेढतात आणि पेशीला तो वेढाच दिसतो. तो समजायला पृष्ठभागाचं रसायन आणि मोजमाप पक्कं लागतं. जीवरसायन दोन पेपरांतून किंवा ऑनलाइन अभ्यासक्रमातून भरून काढता येतं, उलट दिशेने जाणं अवघड पडतं. आयआयटी मुंबईसाठी जॅम या एम.एस्सी. प्रवेश परीक्षेचा रसायनशास्त्राचा पेपर दे, सोबत पुणे विद्यापीठाची प्रवेश परीक्षाही दे. नंतर संशोधनासाठी सीएसआयआर-नेट ही राष्ट्रीय परीक्षा केमिकल सायन्सेसमधून दे. तिच्यातून मिळणाऱ्या जेआरएफ या संशोधन शिष्यवृत्तीची रक्कम २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे. उद्योगात जायचं असेल तर जैवतंत्रज्ञान विभागाची २०१९ मधली नॅनो-औषधांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वं आत्ताच वाचून काढ. कण कसे तपासायचे याला तिथे मोठं स्थान आहे.

सुटीतल्या प्रकल्पासाठी पुण्यात एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आणि आघारकर संशोधन संस्था पाहा. ईमेलमध्ये आवड कळवण्यात ओळी घालवू नकोस. कोणतं कोटिंग, कोणता बफर, कोणते कंट्रोल आणि दुरुस्तीआधीचा व नंतरचा आलेख, एवढं एका पानात पाठव.