नजर चांगली, तरी दुचाकी दिसत नाही

प्रश्न : वडील ६८ वर्षांचे आहेत. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, चष्म्यासह नजर ६/६. तरी माजिवड्याच्या चौकात डावीकडून येणारी दुचाकी त्यांना ‘अचानकच’ दिसते. नुकतंच लायसन्स मिळालेली बहीण तर बॉनेटपुढचाच रस्ता बघत चालवते. दोघांचं दुखणं एकच का? — एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : नाही, वेगवेगळं आहे. ६/६ म्हणजे तक्त्यावरची बारीक अक्षरं वाचता येणं. गाडी चालवताना कस लागतो तो निराळाच : डोळे न हलवता, एका नजरेत, मेंदू आजूबाजूच्या किती भागाची दखल घेतो. हा भाग वयानुसार आक्रसतो, आणि लेन बदलताना शेजारच्याशी बोलणं चालू असेल तर आणखी. सगळ्यांचा सारखा नाही. एकाच वयाच्या दोघांत मोठा फरक असतो. दुचाकी डोळ्यांसमोर असते, दखल मात्र घेतली जात नाही.

पण आधी काचबिंदूची शंका मिटवा. त्यात कडेची नजर गेली तरी अक्षरं स्वच्छ वाचता येतात, म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडून व्हिज्युअल फील्डची, म्हणजे कडेपर्यंत किती दिसतं याची, तपासणी करून घ्याच.

चौकात वडिलांनी नजर नुसती फिरवू नये. डोळा उड्या मारत सरकतो आणि उडी चालू असताना जवळजवळ काहीच टिपत नाही. म्हणून उजवीकडे, समोर, डावीकडे नजर क्षणभर थांबवायची. काचेच्या कडेच्या खांबाआड अख्खी दुचाकी लपते. मान थोडी पुढे-मागे करायची. चौकात गप्पा बंद, हँड्सफ्री फोनही बंद.

बहिणीचं मन क्लच, गिअर आणि स्टिअरिंगमध्ये अडकलेलं असतं, म्हणून नजर जवळच राहते आणि आरसे सुटतात. ताशी ५० किमीला गाडी सेकंदाला सुमारे १४ मीटर जाते. दहा मीटरवर नजर असेल, तर पाय ब्रेकवर पोचेपर्यंत ते अंतर संपलेलं असतं. रविवारी सकाळी मोकळ्या रस्त्यावर दहा मिनिटं तिला दिसेल ते मोठ्यानं बोलायला लावा : “पुढे रिक्षा थांबतेय, कुणी उतरेल. मागे टेम्पो आहे.” बोलणं अडखळलं की डोक्यावर भार जास्त झाला, तिथे वेग कमी करायचा.

वडील ओळखीच्या वळणावर गोंधळू लागले, किंवा गाडीच्या एकाच बाजूला नवे ओरखडे दिसू लागले, तर किल्ली बाजूला ठेवून आधी न्यूरॉलॉजिस्टकडे स्मरण आणि लक्ष यांची तपासणी करा.