जुना स्विमिंग पूल बुजवायचा की उखडायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लोणावळ्याला वडिलांनी 1988 साली बांधलेला बंगला, मागे 10 मीटर लांब, 5 मीटर रुंद आणि दीड मीटर खोल असा आरसीसी स्विमिंग पूल, तोही कित्येक वर्षं बंद. बंगला पाडून तिघा भावंडांसाठी दुमजली घर बांधायचंय आणि त्याचा एक कोपरा पूलवर येतोय. ठेकेदार म्हणतो, गणपती झाले की पाणी उपसू, बंगल्याचा राडारोडा त्यातच ढकलू, वर दोन फूट माती टाकली की काम संपलं.

असं करू नका. घर पूलवर येणार नसतं तर वेगळा सल्ला दिला असता. इथे तो पूर्ण उखडावाच लागेल.

आधी पाणी उपसण्याबद्दल, कारण सगळ्यात मोठी चूक तिथेच होते. गणपतीत लोणावळ्याची जमीन पाण्याने तुडुंब असते. वरचा मुरूम पाणी पितो, खालचा कातळ ते सोडत नाही. तुमच्याच पूलचा हिशोब करू. भिंती आणि तळ 20 सेंटीमीटर जाड धरले तर काँक्रीट होतं साधारण 20 घनमीटर, म्हणजे वजन 50 टनांच्या आसपास. बाहेरून मोजलं तर आकारमान 95 घनमीटर. भोवतालचं पाणी काठापर्यंत आलं तर ते या रिकाम्या टाकीला 95 टनांच्या जोराने वर ढकलणार. काठ सोडाच, तळाच्या वर तीन फूट पाणी चढलं तरी वजनाची बरोबरी होते. आज पूल जागेवर बसलाय तो आतल्या 75 टन पाण्यामुळे.

हे मी डोळ्यांनी पाहिलंय. एका बंगल्यात ऑगस्टमध्ये मालकांनी दुरुस्तीसाठी पूल रिकामा केला. सकाळी आम्ही गेलो तर खोल बाजू चार बोटं वर आली होती, काठाच्या शहाबादी फरश्या मधोमध मोडल्या होत्या आणि पंपाकडे जाणारा पाइप सांध्यातून उपटला गेला होता. रात्री माळ्याला फक्त एक मोठा आवाज आला होता.

म्हणून काम फेब्रुवारी ते मे या काळातच करा. त्याआधी पूलशेजारी दोन मीटरचा खड्डा खणून पाणी कुठे लागतं ते बघा. पाणी उपसण्याआधी आठ-दहा दिवस क्लोरीन टाकू नका, उन्हाने उरलेलं उतरतं. मग हळूहळू सोडा, शेजाऱ्याच्या प्लॉटवर किंवा ओढ्यात नाही. पाण्याखालच्या दिव्यांची वायर मेन बोर्डापासून तोडून घ्या, नुसतं बटण बंद करून भागत नाही. पंपरूममध्ये जुनी क्लोरीन पावडर आणि ॲसिडचे कॅन असतील तर ते वेगवेगळे बाहेर काढा. दोन्ही एकत्र सांडले तर विषारी वायू होतो.

आता राडारोड्याबद्दल. विटांचे तुकडे, फरशा, लाकूड, प्लॅस्टर एकत्र टाकलं की मध्ये पोकळ्या राहतात. पावसाचं पाणी बारीक माती त्या पोकळ्यांत ओढून नेतं आणि वरची जमीन वर्षानुवर्षं खचत राहते. असा बुजवलेला एक पूल आम्ही काही वर्षांनी उकरला होता. आत वाळवीने खाल्लेल्या चौकटी, फुटका कमोड आणि गुडघाभर काळं, कुजकं पाणी. तळ न फोडता बुजवल्यामुळे ते पाणी कुठेच गेलं नव्हतं. तुमच्या घराचे काही कॉलम कातळावर आणि काही अशा भरावावर आले तर भिंतींना तिरप्या भेगा ठरलेल्या. शिवाय 2016 पासून पाडकामाच्या राडारोड्याला वेगळे नियम आहेत, तो वेगळा करून नगरपरिषद सांगेल तिथेच द्यायचा असतो.

तोडताना पोकलेनला ब्रेकर लावतात. शेजाऱ्याची संरक्षक भिंत जवळ असेल तर त्या बाजूची पूलची भिंत शेवटी आणि तुकड्या-तुकड्याने काढा, कारण इतकी वर्षं मागची माती तिनेच धरून ठेवलीय. काँक्रीट फुटल्यावर फुगतं, दहा-अकरा ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) निघेल. सळई भंगारात जाते, ते पैसे ठेकेदाराच्या बिलातून वळते करून घ्या. जमिनीतले जुने पाइपही ओढून काढा. राहिले तर पाणी त्यांच्या कडेने वाट काढतं.

जिथे कॉलम येतात तिथे पाया थेट कातळापर्यंत न्यायचा, भरावावर टेकवायचा नाही. उरलेल्या खड्ड्यात चांगला मुरूम, 20 सेंटीमीटरच्या थरांनी, पाणी मारून आणि रोलर फिरवून. कोपऱ्यात रोलर पोचत नाही, तिथे प्लेट कॉम्पॅक्टर. दर दोन-तीन थरांनी घनता तपासून घ्या, प्रॉक्टरच्या (प्रयोगशाळेत तोच मुरूम ठोकून मिळालेल्या कमाल घनतेच्या) 95 टक्के आल्याशिवाय पुढचा थर नको. ठेकेदाराने 20 ब्रास मुरूम धरला असेल तर तो कमी आहे. खड्डाच 34 ब्रासचा, दबून कमी होणारा धरला तर 42 ते 44 लागेल.

आणि लोणावळ्यापुरती एक गोष्ट नक्की करा. कातळात कोरलेला खड्डा मुरमाने भरला तरी तो पाण्याचं भांडंच राहतो. उताराच्या बाजूने खड्ड्याच्या तळापासून दगड भरलेला चर काढून पाण्याला वाट द्या. पहिल्याच पावसाळ्यात या चराची किंमत कळते.

खड्ड्याची चारही टोकं घराच्या नकाशावर मापांसह उतरवून आरसीसी कन्सल्टंटला द्या, कॉलमच्या जागा ठरण्याआधी. कधीकधी घर दीड-दोन मीटर सरकवलं की अर्धा प्रश्नच उरत नाही. तुमच्या प्लॉटला उतार कोणत्या बाजूला आहे आणि शेजाऱ्याची भिंत किती अंतरावर आहे ते कळवा, म्हणजे चर कुठून काढायचा ते सांगता येईल.